दुरुस्तीची दिवाळी

२०२५ च्या गौरी-गणपतीत नवऱ्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही असं कळलं. पत्राची भाषा गोड होती, अर्थ काही गोड नव्हता. माझा पगार एका दवाखान्यात पावत्या फाडण्याचा. त्यात मेंटेनन्स, मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं आणि किराणा बसतो, बाकी वही कोरी. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे हातात जेमतेम दीड महिना, आणि ज्या बोनसवर आमची दिवाळी दरवर्षी उभी राहायची तो येणार नव्हता. बोनसच्या कायद्यातले किमान ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, जवळजवळ एक जादा पगारच. मुंबईतल्या मराठी घरांनी कपडे, फराळ, भाऊबीज सगळं त्यातूनच उरकलेलं आहे. सासरे गिरणीत होते. बोनस किती टक्के जाहीर झाला यावर घरात फटाके किती यायचे ते ठरायचं, असं सासूबाई सांगतात.

विसर्जन झाल्यावर एका रात्री मी मागच्या वर्षीचा खर्च काढला. मोबाइलवरून दिलेले पैसे निदान लपत नाहीत, तेवढा एक फायदा. आकडा तीस हजारांच्या आसपास गेला आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग देण्याघेण्यात होता. ड्रायफ्रूटचे बॉक्स, शर्टपीस, वन्संना साडी, वहिनीला साडी, काचेचे बाऊल. यातला एक बाऊलसेट तर फिरत फिरत पुन्हा आमच्याच घरी आला होता. खोक्याच्या तळाशी माझ्या धाकट्याने पेनाने काढलेली विमानं होती, त्यावरून ओळखला. कोणीतरी कोणालातरी, कोणीतरी आणखी कोणाला, आणि शेवटी आम्हाला. कुणाच्या घरात तो उघडला गेला नव्हता.

माझी भिशी ऑक्टोबरात लागणार होती, दहा हजारांची. दिवाळी त्यातच बसवायची, क्रेडिट कार्डाला हात लावायचा नाही, असं ठरलं. नवऱ्याला हे पटत होतं, पण सांगायचं कोणी? तो म्हणत होता, कशाला चार लोकांत बोभाटा, थोडं इकडून थोडं तिकडून करून यंदा नेहमीसारखंच करू. मला ते मान्य नव्हतं. उसनवारी करून दिलेल्या साडीला साडीच परत येते, म्हणजे पुढच्या वर्षीचं ओझंही आपण आत्ताच विकत घेतो.

पहिली गोष्ट वहीत लिहिली ती पोस्त. कचरा नेणारा, जिने झाडणारी बाई, वॉचमन, पेपरवाला, दूधवाला आणि पोस्टमन. एकवीसशे रुपये बाजूला काढून पाकिटात घातले आणि पाकीट देवघरामागे सरकवून दिलं. नात्यातल्या माणसाला आपली अडचण सांगता येते, जिने झाडणाऱ्या बाईला ‘यंदा आमचं जरा ओढाताणीचं आहे’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिचं बारा महिने तसंच असतं. बिल्डिंगीत काहींनी यंदा पोस्त निम्मी केली आणि त्याच घरांच्या दारात विजेच्या माळा मात्र दुप्पट होत्या. असो.

मग फोन. हे काम सगळ्यात जड गेलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळं होता आलं असतं, पण अशा गोष्टी ग्रुपवर टाकल्या की पाच जण हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि सहावा आपल्या बायकोला सांगतो की त्यांचं काहीतरी बिनसलंय. मी एकेकाला फोन केला. बोलायचं वाक्य आधी ठरवून ठेवलं होतं: “यंदा आमच्याकडून साड्या-बॉक्स काही येणार नाही, आणि तुम्हीही आमच्यासाठी काही आणायचं नाही. फराळाला मात्र यायचंच. भाऊबीजेला ओवाळणी एकशे एकच्या वर कोणी घालायची नाही.” यातला दुसरा भाग महत्त्वाचा. नुसतं ‘आम्ही देणार नाही’ म्हटलं की समोरचा माणूस प्रेमापोटी देतोच, आणि मग आपण देणेकरी होऊन बसतो. दोन्हीकडून दार लावायला लागतं.

वहिनी फोनवर थोडा वेळ गप्पच राहिली. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, “अगं, बरं झालं तूच बोललीस. आमचाही घराचा हप्ता वाढलाय, पण तुझ्या दादाला कोण सांगणार?” वन्संनीही सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे इतकी वर्षं सगळे एकमेकांसाठी खर्च करत होतो आणि सगळेच मनातून वैतागलेले होतो. एका मामेसासऱ्यांना तेवढं आवडलं नाही. “सणाला हिशोब कसले करता?” असं त्यांनी ऐकवलं. त्यांचं पुढे येतंच.

पण काहीच द्यायचं नाही हेही जिवावर येत होतं. यावर तोड निघाली ती सासूबाईंच्या पातेल्यावरून. त्यांच्या रुखवतातलं पितळी पातेलं माळ्यावर पडून होतं. कल्हई उडाली की पितळेत आंबट कळकतं, म्हणून वापर बंद. पूर्वी कन्नमवार नगरात कल्हईवाला आरोळी देत यायचा, अंगणातच खड्डा करून भट्टी लावायचा. आता कुठला यायला? सासूबाई म्हणाल्या, “मला दिवाळीला दुसरं काही नको. तेवढं पातेलं कल्हई करून आणा. पाकातले लाडू त्यात करीन.” नवरा घरीच होता. पातेलं आणि त्याच्याच जोडीचा एक गंज पिशवीत घालून विक्रोळीहून धीमी लोकल पकडून तो मशीद बंदरला उतरला आणि पायधुनीकडे तांबाकाट्याला गेला. मुलाला सुट्टी होती, त्यालाही बरोबर नेलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो वेगळ्याच जगातून आल्यासारखा. काळंकुट्ट भांडं आधी घासून घेतात, मग कोळशावर चांगलं तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायचं, की आत चांदी उतरते. हे तो सगळ्या मजल्याला सांगत सुटला. दोन भांड्यांचे मिळून पाचशे पडले. सासूबाईंनी पातेल्यात तोंड बघितलं, पदराने उगाचच पुसलं आणि लगेच नणंदेला फोन लावून बातमी दिली. एरवी दिवाळीला साडी दिली की त्या “छान आहे” म्हणून कपाटात ठेवतात. साडी खोक्यातून बाहेर येते ती पुढच्या वर्षी कुणालातरी देण्यासाठी.

तेव्हा आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि कोणाच्या घरात काय बंद पडलंय ते आठवायला लागलो. गणपतीला सगळ्यांच्या घरी जाऊन आलो होतो, त्यामुळे चित्र ताजं होतं. दादाकडे आमच्या वडिलांचं मनगटी घड्याळ, रुमालात गुंडाळून खणात. गिरगावातल्या काकांचा ट्रान्झिस्टर, टीव्हीच्या मागे, मुका. वन्संच्या मुलाची सायकल डोंबिवलीत जिन्याखाली गंजत. आणि वन्संच्याच मुलीला ऑगस्टमध्ये बाळ झालेलं, त्याला आमच्याकडून बाळंतविडा जायचा होता. नवी वस्तू घ्यायचीच नाही, ज्याची त्याची वस्तू दुरुस्त करून त्याला परत द्यायची. या देण्याला किंमत चिकटत नाही, आणि म्हणून परतफेडही चिकटत नाही. वडिलांच्या घड्याळाच्या बदल्यात दादा काय देणार? बाऊलसेट?

दुरुस्तीसाठी दीड हजार राखले. त्यातले पाचशे कल्हईत गेलेच होते.

घड्याळाची चोरी वहिनीने केली. दादा कामावर गेल्यावर तिने ते खणातून काढून ठाण्याच्या फलाटावर माझ्या हातात दिलं आणि रुमालात तेवढ्याच आकाराची पेढ्याची डबी गुंडाळून ठेवली, म्हणजे हात लागला तरी कळू नये. एचएमटीचं ‘जनता’, चावी द्यायचं. एचएमटीच्या घड्याळांचं काम १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला सुरू झालं आणि ती घड्याळकंपनी बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, म्हणजे नवा सुटा भाग मिळणं कठीणच. मॉलमधल्या दुकानात विचारलं तर मुलाने हातातही घेतलं नाही. म्हणाला, मॅडम, बॅटरीवालं घ्या ना. फोर्टात फुटपाथवर काचेची छोटी पेटी मांडून बसलेल्या घड्याळजीने मात्र डोळ्याला भिंग लावून पाठ उघडली आणि म्हणाला, “मशीन एकदम फर्स्ट क्लास. तेल सुकलंय फक्त.” त्याच्याकडे एका बरणीत मेलेली एचएमटी घड्याळं होती, त्यातले भाग काढून तो जिवंत घड्याळांना लावतो. पूर्ण खोलून, पेट्रोलने धुऊन, तेल घालून साडेतीनशे, आणि नवा पट्टा दीडशे. काचेवर चरे होते, ते घासून काढू का म्हणाला. मी नको म्हटलं. वडील लोकलच्या दांड्याला धरून उभे राहायचे तेव्हाचे ते चरे आहेत.

ट्रान्झिस्टरचं जरा अवघड गेलं. लॅमिंग्टन रोडला गेलं की रेडिओ दुरुस्त होतो हे आमच्या डोक्यात पक्कं, पण तिथे आता पुढच्या रांगेत सगळं कॉम्प्युटर, कॅमेरे आणि मोबाइल. रेडिओ म्हटल्यावर दोन-तीन पोरं हसली. नवऱ्याला आतल्या बोळात एक म्हातारे गृहस्थ सापडले. बॅटऱ्या वर्षानुवर्षं आतच राहिल्याने पाझरल्या होत्या आणि पत्र्यांना हिरवा गंज चढला होता. शिवाय काटा सरकवणारी दोरी तुटलेली. त्यांनी पत्रे घासले, दोरी ओवली आणि दोनशे घेतले. “वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा,” हे मात्र त्यांनी इतक्या कळकळीने आणि इतक्यांदा सांगितलं, की रेडिओपेक्षा ते वाक्यच घरी आल्यासारखं वाटलं. रेडिओ वसुबारसेलाच काकांकडे पोचवला. त्यांना नरक चतुर्दशीच्या पहाटे तो हवा होता. पूर्वी अभ्यंगस्नानाच्या वेळी रेडिओवर सनई आणि मग नरकासुरवधाचं कीर्तन लागायचं, ते संपायच्या आत आंघोळ उरकली नाही तर नरकात जाशील असा धाक असायचा. काकांनी सकाळी साडेसहाला फोन केला आणि बोलले काहीच नाहीत, नुसता रिसीव्हरजवळ रेडिओ धरला. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी खरखरत होती. मागून काकूंचा आवाज: “अहो, आधी उटणं लावा!”

बाळाच्या दुपट्यावर आमच्या घरातले सगळे हात लागले. सासूबाईंची दोन जुनी सुती नऊवारी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तान्ह्या बाळाच्या अंगाला असं कापड बाजारात कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही, कारण ते मऊ व्हायला वीस वर्षं लागतात. लुगडी गरम पाण्यातून काढली, कडक उन्हात वाळवली, विरलेला भाग कापून टाकला आणि चार पदर घालून दुपट्याच्या मापाची घडी बसवली. धावदोरा सासूबाईंनी घातला. त्यांना टाके घालता येतात, सुईत दोरा मात्र आता ओवता येत नाही. त्यामुळे धाकटा शाळेत जाण्याआधी आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा आणि संध्याकाळी आला की रिकाम्या सुया मोजायचा. “आज्जी, आज तीनच?” लेक दहावीला, तिच्याकडे अभ्यासाचं निमित्त कायम तयार, पण काठाच्या उरलेल्या पट्टीतून कुंची तिनेच शिवली, माझ्या आईच्या पायमशीनवर. दोऱ्याच्या रिळांशिवाय खर्च नाही. वन्संच्या मुलीने ते उलगडून बघितलं आणि काठ ओळखला: “आज्जीचं हे लुगडं मी पाचवीत असताना...” पुढचं तिने आणि सासूबाईंनी आतल्या खोलीत जाऊन बोलून घेतलं.

आता सायकल. हे प्रकरण फसलं. नवरा एका रविवारी पान्हे घेऊन डोंबिवलीला गेला, ब्रेकच्या वायरी, एक ट्यूब आणि साखळी मिळून तीनशेचं सामान घातलं, दिवसभर खपून सायकल पुसूनपासून तयार केली. भाचा तेरा वर्षांचा. त्याला कानात घालायचे इअरबड हवे होते आणि ते त्याने सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. सायकल बघून “थँक यू मामा” म्हणाला, पण चेहरा पडला तो पडलाच. वन्सं त्याच्यावर चिडल्या, मी त्यांना आवरलं. तेराव्या वर्षी आपल्याच जुन्या सायकलीचं कौतुक कुणाला असतं? दुरुस्त केलेली वस्तू त्यालाच भेट वाटते ज्याला ती बंद पडल्याचं दुःख झालेलं असतं. भाच्याला ती बंद पडल्याचं लक्षातही नव्हतं.

आणि मामेसासरे. त्यांच्या गॅलरीतल्या आरामखुर्चीचा वेत तुटलाय हे आम्ही गणपतीला बघितलं होतं. नवऱ्याने भोळेपणाने विचारलं, खुर्ची विणून आणू का. झालं. “आमच्या घरातलं मोडकंतोडकं शोधायला येता होय?” त्यांचंही बरोबर असेल. कुणाच्या घरातल्या फुटक्यावर बोट ठेवायचं तर तेवढी जवळीक लागते, आणि ती आमच्यात नाही. त्यांच्यासाठी मग दिवाळी अंकाची वाट धरली.

त्याचं असं झालं की अंक यंदा घेताच येणार नाहीत म्हणून मी हळहळत होते. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाबरोबर अंक ही रीतच आहे. पण जाडजूड अंकांच्या किमती आता तीन-चारशेत गेल्या. आमच्या मजल्यावरच्या पाच घरांनी प्रत्येकी एक अंक घ्यायचा, एकमेकांत आधी ठरवून, म्हणजे तोच तोच यायला नको, आणि दर आठवड्याला पुढच्या दाराला सरकवायचा, असं केलं. मामेसासरे राहतात पलीकडच्याच बिल्डिंगीत. त्यांना सहावं घर म्हणून धरलं, त्यांच्या वाटचा अंक आमच्या खर्चाने. आता ते प्रत्येक अंक परत करताना आत चिठ्ठी घालतात, कुठली कथा टुकार आहे ते लिहून. टुकारच्या खाली दोन रेघा.

फराळाचंही सामायिकच केलं. आमच्याकडे विकतची चकली किलोला पाचशेच्या पुढे होती. चार जणींनी मिळून तेल, साखर आणि बेसन घाऊक आणलं आणि पदार्थ वाटून घेतले. चकली माझ्याकडे, करंज्या समोरच्या वहिनींकडे, चिवडा आणि शंकरपाळे खालच्या दोघींकडे. एकाच घरात एकाच कढईत एकच पदार्थ केला की तेलही कमी जळतं आणि गॅसही. भाजणी घरीच भाजली: चार वाट्या तांदूळ, दोन चणाडाळ, एक उडीदडाळ, अर्धी मूगडाळ, मूठभर पोहे, धने-जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तांदळाला लागणाऱ्या वेळात पोहे कोळसा होतात. करंजीतली खसखस तिचा भाव ऐकून बाद केली, कुणाला कळलंही नाही. अनारसे मीच नको म्हटलं. तांदूळ तीन दिवस भिजवा, वाळवा, कांडा, गूळ घालून मुरवा, आणि तुपात टाकल्यावर ते हसले तर हसले. आमच्यात ते फक्त सासूबाई खातात आणि त्यांना डॉक्टरांनी गोड मना केलंय. माझ्या वाट्याचे सव्वीसशे रुपये गेले, त्यात पाहुण्यांपुरताही फराळ झाला.

कपडे फक्त मुलांना. दादरच्या हिंदमाताला जाऊन अठराशेत दोघांचं उरकलं, लेकीने घासाघीस माझ्यापेक्षा चांगली केली. कंदील बघायला आम्ही माहीमच्या कंदील गल्लीत गेलो, मनसोक्त बघितले, भाव विचारले आणि घरी येऊन बांबूच्या काड्या आणि पतंगाच्या कागदाचा षटकोनी केला. खळ जरा पातळ झाली, त्यामुळे एका बाजूला शेपट्या चिकटल्याच नाहीत. पणत्या मात्र धारावीच्या कुंभारवाड्यातून आणल्या, नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून, साध्या, बिनरंगाच्या. रंग मुलांनी दिला आणि त्याच पाच-पाचच्या संचाने शेजारी गेल्या.

बांधणीचा प्रश्नही सुटला. चमकीचा कागद, रिबिनी, पिशव्या यात किती पैसे जातात ते मला हिशोब काढेपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात हळदीकुंकवाला आलेले ब्लाउजपीस होते, कुठल्याही मराठी घरात असतात तसे, जे शिवून होत नाहीत आणि टाकवतही नाहीत. घड्याळ, दुपटं, पणत्या, सगळं त्यात गाठ मारून बांधलं. वर “ब्लाउजपीस परत करू नये, पुढे द्यावा” अशी चिठ्ठी. काठ बरे होते ते दोन मी ठेवून घेतले, खोटं कशाला बोला.

पाडवा साडेतीन मुहूर्तांतला, आणि सोनं तेव्हा तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे होतं. ओवाळल्यावर नवऱ्याने ताटात एकशे एक रुपये टाकले आणि गंभीरपणे म्हणाला, “बाकीचं सोनं भाव उतरला की.” नोकरी गेल्यापासून त्याला इतकं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. घरी बसल्याचं त्याला लागत होतं, पण महिनाभर मुंबईभर पिशव्या घेऊन हिंडताना रोज सकाळी कुठेतरी जायचं काम होतं, तेही बरं झालं असावं. हे त्याने सांगितलेलं नाही, माझा अंदाज.

भाऊबीजेला दादा घरी आला. ओवाळून झाल्यावर मी गाठोडं पुढे केलं. त्याने गाठ सोडली, घड्याळ बघितलं आणि आधी वहिनीकडे बघितलं. “माझ्या खणात पेढ्याची डबी आहे तर!” मग चावी दिली आणि कानाला लावलं. वडील असंच लावायचे. तो काही बोलला नाही, पण जेवताना डावा हात सारखा टेबलावर ठेवत होता, घड्याळ वर दिसेल असा. ओवाळणीच्या पाकिटात ठरल्यापेक्षा पुष्कळच जास्त निघाले. मी एकशे एक ठेवून बाकीचे त्याच्या खिशात कोंबले. तो रागावला. “बहिणीला द्यायलाही आता परवानगी?” वहिनी मध्ये पडली नसती तर चांगलीच जुंपली असती. त्याला वाईट वाटलं हे मला दिसत होतं, तरी मी मागे हटले नाही. एकाने ठरलेलं मोडलं की पुढच्या वर्षी दुसरा मोडणार, आणि पुन्हा सगळे ड्रायफ्रूटच्या दुकानात रांगेत. घड्याळ दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडतं. ते मोबाइलवर बघून लावायचं काम दादा रोज सकाळी करतो, आणि त्याची कुरकूरही करतो.

हिशोब दहा हजार दोनशेवर गेला. वरचे दोनशे फुलांचे. दादरच्या फुलबाजारात झेंडू लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घ्यायला गेलं की असंच होतं, आदल्या रात्री उशिरा जायला हवं, पण नंतरच्या लोकलची गर्दी नको वाटते.

भाऊबीज झाल्यावर वन्संचा फोन आला. त्यांचा मिक्सर चालता चालता थांबतो, जळका वास येतो. तुळशीच्या लग्नाला येताना घेऊन येते म्हणाल्या, “पण दिवाळी झाली हं आता, पैसे घ्यायचे.” नवऱ्याने फोन हातात घेतला, घसा खाकरला आणि बहिणीला दर सांगितला: “तपासणीचे शंभर. पार्टचे वेगळे. आणि येताना जेवण तिकडूनच आण.”